अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

तुम्हाला मी आठवणार नाही. अंगणवाड्या करत गावोगाव फिरता तुम्ही, किती आया लक्षात ठेवाल? पण तुमच्या हातची चिठ्ठी आमच्या देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली आहे. त्या चिठ्ठीसाठीच हे पत्र.

लेक जन्मली तेव्हा तिच्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, लिंबाएवढी गाठ होती. शहरात ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण पायांत जोर आला नाही आणि लघवीवर ताबा आला नाही. दर तीन-चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. पायाला भाजलेलं कळत नाही, म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात तिला अंगणात सोडायचं म्हटलं तरी आधी मोजे, मग बूट. हे सगळं करताना मला कधी जड वाटलं नाही. मोडले ते लोकांच्या बोलण्यानं. "गिरानात विळीला हात लावलास, त्याचं फळ लेकरू भोगायलंय," हे मी बारशात ऐकलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवात ऐकलं, मयतीच्या घरीसुद्धा ऐकलं. माझ्या सख्ख्या आईनं विचारलं, "खरं सांग, चिरलीस का गं काही?" ग्रहणाच्या दिवशी मी दार लावून उताणी पडून होते, पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तरी किती वेळा नाही म्हणायचं?

मला दहावीपासून फिट येतात. वडिलांनी सोयरीक जुळवतानाच ते सांगितलं होतं, लपवलं काहीच नाही. ज्या डॉक्टरांकडे गोळी चालू होती त्यांना माझं लग्न ठरल्याचंही सांगितलं. "गोळी बंद करू नका," एवढं बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. दिवस गेल्यावर दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात फाईल दाखवली, तिथंही गोळीचं नाव वाचून कुणी थांबलं नाही. सोडियम व्हॅल्प्रोएट. ही गोळी चालू असलेल्या आयांच्या लेकरांत पाठीच्या कण्याचा हा दोष जास्त दिसतो, हे फ्रान्समधल्या डॉक्टरांनी १९८२ मध्येच छापून सांगितलं होतं. शंभरातल्या एक-दोन लेकरांना हा दोष होतो, आणि शिकण्या-बोलण्यात मागं पडणारी लेकरं तर याहून कितीतरी जास्त. १९८२ साली माझा जन्मही झाला नव्हता. माझी फी घेणाऱ्या माणसांना हे ठाऊक असायला नको होतं का? हा राग माझ्या मनातून जात नाही, आणि तो का जावा तेही मला कळत नाही.

तुम्ही आलात तेव्हा लेक तीन वर्षांची होती. वजनकाट्याशेजारच्या सतरंजीवर तुम्ही मांडी घालून बसलात, तिचे बूट स्वतःच्या हातानं काढलेत, तळपाय उलटून पाहिलेत. मग मला विचारलंत, "ताई, पोटुशी असताना तुम्हाला कसली गोळी चालू होती?" तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. मी जुने कागद काढून दिले आणि रडता रडता ग्रहणाचंही सांगून टाकलं. तुम्ही हसला नाहीत. ग्रहण कितव्या महिन्यात होतं, एवढंच विचारलंत. मी म्हणाले, पाचव्या. तुम्ही म्हणालात, "पाठीचा कणा बंद होतो तो गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांत. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. पाचव्या महिन्यातलं ग्रहण त्याचं काय बिघडवणार?"

वर पाठवायची चिठ्ठी तुम्ही इंग्रजीत भरलीत. पुढं काय काय झालं ते सांगत बसत नाही, तुमच्यामुळं पायाला आधार देणारे कॅलिपर आले आणि दिव्यांगाचं प्रमाणपत्र निघालं. पण निघताना तुम्ही थांबलात, वहीचा एक कोरा कागद फाडलात आणि मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलंत: "बाळाच्या पाठीचा दोष आईला चालू असलेल्या फिटच्या गोळीमुळे आला असण्याची दाट शक्यता आहे. ग्रहणाचा याच्याशी काहीही संबंध नाही. यात आईचा दोष नाही." खाली सही केलीत, शिक्का मारलात. "घरी मोठ्यानं वाचून घ्या," म्हणालात.

पुतण्यानं ती मराठी चिठ्ठी ओसरीवर वाचली. सासूबाईंनी पुन्हा एकदा वाचायला लावली आणि शिक्क्यावर बोट फिरवून पाहिलं. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. पण पुढच्या हळदीकुंकवात कुणीतरी गिरान काढलं, तेव्हा माझ्या आधी त्याच बोलल्या, "गोळीनं झालंय ते. डॉक्टरीणबाईनं लिहून दिलंय."

तुमच्या पाटीवर मोठ्या पदव्या नसतील मॅडम, पण समोरच्या बाईला काय टोचतंय ते तुम्ही पाहिलंत आणि आपल्या अधिकाराचा शिक्का तिच्या बाजूनं वापरलात. चांगुलपणा करायला फार वेळ लागत नाही. तुमच्या गाडीचा ड्रायव्हर बाहेर हॉर्न वाजवत होता, तरी तुम्ही लिहिलंत.

हे वाचणाऱ्या फिटच्या बायांना मी तेच सांगते जे तुम्ही मला सांगितलंत: घाबरून गोळी आपल्या मनानं सोडू नका, एकदम सोडली तर फिट उसळते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. पण लग्न ठरलं, लेकरू हवं असं वाटलं, की आधी डॉक्टरसमोर ठाण मांडून विचारा. कमी धोक्याची औषधं आहेत, ती दिवस जायच्या आधीच बदलून घ्यावी लागतात.

मॅडम, एक मागणं आहे. शेजारच्या गावात एका सुनेच्या लेकराचा ओठ जन्मतः फाटलेला आहे आणि तिच्याही माथी गिरानच मारलंय. तुमची गाडी तिथल्या अंगणवाडीत जाईल तेव्हा त्या लेकराला बघा. कारण जे काही निघेल ते निघो, तिलाही मराठीत दोन ओळी लिहून द्या, सही-शिक्क्यासकट.

तुमची,
कॅलिपरवाल्या लेकीची आई
जि. परभणी