दहात सात छापे आले तर ते चूक कसं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझा भाचा इथे इंदूरलाच सातवीत आहे. मागच्या आठवड्यात त्याची वही पाहिली तर प्रॉबॅबिलिटीच्या, म्हणजे शक्यतेच्या गणिताच्या, प्रयोगात छाप्याचे ७ खोडून ५ केलेले, रबर घासून घासून कागद पार झिजलेला. विचारलं तर म्हणाला, मावशी मी खरंच दहा वेळा नाणं उडवलं, सातदा छापा आला, पण मॅडम म्हणाल्या अर्धेच यायला पाहिजेत, नीट करून आण.

मला फार वाईट वाटलं हो, कारण पोरगं बरोबर होतं. दहा वेळा नाणं उडवलं की बरोब्बर पाच छापे यायची शक्यता १०२४ पैकी २५२, म्हणजे साधारण चारातून एकदा, बाकी तीनदा पाच येतच नाहीत! सगळ्या वर्गाच्या वह्यांत ५ असतील तर नाणं कोणी उडवलंच नाही असं समजावं.

तेच ४० मुलांनी दहा-दहा वेळा उडवून आकडे फळ्यावर मांडले असते तर एका पिरियडमधे ४०० झाले असते, कोणाचे ३, कोणाचे ७, पण बेरीज बहुतेक वेळा १८० ते २२० च्या मधेच येते. मुलांना हे डोळ्यांनी बघू द्या ना. जॉन केरिच नावाचे गणितज्ञ दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमधे कैदेत होते, त्यांनी तिथे १०,००० वेळा नाणं उडवलं, छापे आले ५०६७, आणि त्यांनी तोच आकडा छापला.

रविवारी मी आईच्या अष्टाचंगच्या कवड्या काढल्या. नाण्याचं अर्धं-अर्धं आधी सांगता येतं, कवडीचं नाही, ती एकीकडे फुगीर, दुसरीकडे चीर, उताणी जास्त पडते की पालथी हे टाकून मोजल्याशिवाय कळत नाही. भाच्याने आधी अंदाज लिहिला, मग पाटावर शंभरदा टाकल्या, चार उभ्या रेघा न् पाचवी आडवी असं मोजत बसला, जेवायलाही उठेना. अंदाज चुकला, पण या वेळी खोडलं नाही, शेजारी खरा आकडा लिहिला.

सहावी ते आठवीच्या शिक्षकांना कळकळीची विनंती, सूत्र दोन दिवस उशिरा सांगा, आधी मुलांना उडवू द्या, मोजू द्या, आणि मार्क मोजणीला द्या. आपल्या मराठी मंडळांच्या उन्हाळी शिबिरातही एक तास कवड्यांना मिळाला तर मी माझ्या घेऊन येईन.

आपली,
एक मावशी, इंदूर