‘ट्रू लव्ह’ हे शीर्षक शेक्सपिअरचं नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पॅलग्रेव्हवरचा लेख वाचला. त्याने निवडलेल्या इंग्रजी कवितांच्या ‘गोल्डन ट्रेझरी’ या संग्रहाला अर्धं पान दिलंत, याबद्दल आभार. कवितेच्या वाट्याला हल्ली एवढी जागा येत नाही. पण त्या अर्ध्या पानात ज्या चुका मावल्यात त्या पाहता पाव पानावर भागलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटून गेलं.

सगळ्यांत खटकलेली चूक आधी. लेखक म्हणतात, शेक्सपिअरने आपल्या एका सुनीताला (चौदा ओळींच्या कवितेला) ‘ट्रू लव्ह’ हे समर्पक शीर्षक दिलं. शेक्सपिअरने एकाही सुनीताला शीर्षक दिलेलं नाही. १६०९ च्या छापील पुस्तकात सुनीतांवर नुसते आकडे आहेत. हे सुनीत ११६ वं, आणि गंमत अशी की त्या छपाईच्या बहुतेक प्रतींत त्याच्यावर ११९ पडलंय. इंग्रजी सहाचा खिळा उलटा बसला की नऊ होतो. छापखान्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. ‘ट्रू लव्ह’ हे बारसं अडीचशे वर्षांनी पॅलग्रेव्हने केलं. अठराव्या सुनीताला ‘टू हिज लव्ह’, सहासष्टाव्याला ‘द वर्ल्ड्‌ज वे’, हीसुद्धा त्याचीच नावं. आणि हे नुसतं नावापुरतं राहत नाही. अठरावं सुनीत ज्या मालिकेत आहे ती एका तरुणाला उद्देशून मानली जाते. वर ‘टू हिज लव्ह’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आपसूक एक बाई उभी राहते. चौदा ओळींतला एकही शब्द न हलवता अर्थ हलवायचा, ही संपादकाची ताकद असते. लेखकमहाशय नेमके तिथेच फसले आणि वर पॅलग्रेव्हला ‘निव्वळ संकलक’ म्हणून मोकळे झाले.

‘कात्री आणि डिंकाचं काम’ असाही एक शब्दप्रयोग लेखात आहे. बरं, पाहू कात्री कशी चालली ते. १८६० साली कवी टेनिसनबरोबर कॉर्नवॉलमध्ये भटकताना संग्रहाची कल्पना पक्की झाली आणि १८६१ च्या जुलैत मॅकमिलनने पुस्तक काढलं. पॅलग्रेव्ह तेव्हा लंडनमध्ये सरकारी शिक्षण खात्यात नोकरीला. चामर्सच्या कविसंग्रहाचे २१ खंड, त्यात नसलेल्या मिळतील त्या कवींचं समग्र लेखन आणि जुने निवडक संग्रह हे सगळं पद्धतशीर दोनदा वाचलं, असं तो प्रस्तावनेत सांगतो. मग निवडलेल्या कविता दोघा मित्रांपुढे ठेवल्या. त्यांतला एक शिल्पकार वूल्नर. शेवटचा शब्द टेनिसनचा. हयात कवी घ्यायचे नाहीत हा नियम आधीच ठरलेला. उरल्या २८८ कविता.

मांडणी तर लेखात आलेलीच नाही, आणि खरं कसब तिथे आहे. चार कालखंडांचे चार भाग: शेक्सपिअरचा, मिल्टनचा, ग्रेचा आणि वर्ड्‌स्वर्थचा. पण भागाच्या आत सनावळी नाही. भाव आणि विषय यांच्या चढउताराने एकीमागे एक कविता लावलेली. मोझार्ट-बेटहोव्हेनच्या सिंफनी समोर ठेवून क्रम लावला, असं त्यानेच म्हटलंय. आपल्याकडच्या मैफलीसारखंच, कुठल्या चिजेनंतर कुठली घेतली की ती उठते आणि कुठली घेतली की दोन्ही पडतात, याचा हिशोब. म्हणून हे पुस्तक मध्येच कुठेतरी उघडून वाचणाऱ्याला निम्मंच मिळतं. इकडच्या कॉलेजांतून ते पिढ्यान्‌पिढ्या नेमलं गेलं, ते बहुधा तसंच तुकड्यातुकड्यांनी.

दोष आहेतच, आणि चांगले मोठे आहेत. १८६१ च्या आवृत्तीत डन नाही, ब्लेक नाही. मार्व्हलच्या बागेवरच्या कवितेला जागा आहे, पण त्याच्या लाजऱ्या प्रेयसीवरच्या कवितेला नाही. क्रॅशॉची ‘विशेस’ ही लांबलचक कविता जवळपास निम्मी उडवलेली. कडवी गाळल्याची कबुली प्रस्तावनेत आहे: अगदी थोड्या ठिकाणी, भावगीताची एकसंधता वाढावी म्हणून. पण ‘थोड्या ठिकाणी’ म्हणजे नेमकं कुठे, ते कवितेच्या जागी कळत नाही. तिथे टिंबांची एक ओळ टाकायला काय लागतं? आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत आणि निवडक संग्रहांत हा रोग आजही आहे. तिसरं आणि पाचवं कडवं गायब, चौथं तिसऱ्याच्या जागी, आणि खाली कवीचं नाव ठणठणीत. पुढे कुणी मूळ शोधून न पाहता तेच उतरवून घेतो आणि दहा वर्षांत कापलेली कविता हीच मूळ ठरते.

विसाव्या शतकातले कवीही पॅलग्रेव्हने ‘दूरदृष्टीने’ निवडले, असं लेखात आहे. तो १८९७ च्या ऑक्टोबरात वारला. दूरदृष्टी म्हणायची तर अफाटच! लेखकाच्या हातात नंतरच्या मंडळींनी पुरवण्या जोडलेली एखादी स्वस्त आवृत्ती असणार. पॅलग्रेव्हने स्वतः केलेला दुसरा भाग त्याच १८९७ मधला आणि पहिल्याच्या पासंगालाही न पुरणारा. जवळच्या काळातले कवी निवडताना हात थरथरतो, तो त्याचाही थरथरला.

‘मराठीत असा प्रयत्न झालाच नाही’ या वाक्यावर मात्र संयम सुटतो. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांचं ‘नवनीत’ १८५४ चं. म्हणजे ‘गोल्डन ट्रेझरी’च्या सात वर्षं आधी. जुन्या मराठी कवींचे वेचे त्यातूनच शाळांमध्ये पोचले. मराठी पुरवणीत मराठीबद्दल एवढं तरी तपासायला हरकत नव्हती.

लेखात नसलेली एक गोष्ट सांगतो, कारण ती या सदराच्या इतमामाला शोभेल. १८६२ च्या लंडन प्रदर्शनासाठी पॅलग्रेव्हने कलाविभागाची मार्गदर्शिका लिहिली. तीत मारोकेत्तीसारख्या शिल्पकारांना झोडपलं आणि वूल्नरला डोक्यावर घेतलं. तेव्हा ‘जेकब ऑम्नियम’ या टोपणनावाने एकाने ‘टाइम्स’ला पत्र लिहून विचारलं, की हे दोघे एकाच घरात राहतात हे वाचकांना कोण सांगणार? मार्गदर्शिका मागे घ्यावी लागली. वाचकांच्या पत्रांना कधीकधी उपयोग असतो, एवढ्यासाठी लिहिलं.

लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल थोडक्यात. ते फ्रान्सिस पॅलग्रेव्हचं नाही, धाकट्या भावाचं, विल्यम गिफर्डचं आहे. हा मुंबईच्या फौजेत लेफ्टनंट होता, पुढे जेझुइट झाला आणि वेशांतर करून अरबस्तानात हिंडला. त्याच्यावर वेगळा लेख जरूर छापा, फोटो तयारच आहे.

आणि जाता जाता, त्याच पानावरचं ‘आठवड्याची ओवी’ हे सदर. स्तंभाची रुंदी पुरत नाही म्हणून तिसरा चरण मध्येच मोडून खाली ढकलला जातो. यमक असतं पहिल्या तीन चरणांच्या शेवटी, आणि तेच ओळीच्या मधोमध गाडलं जातं. अक्षर एक पॉइंट लहान केलंत तर चारही चरण आपापल्या ओळीत बसतील. गेल्या चार रविवारी बसलेले नाहीत.

कळावे,
एक नियमित वाचक, सांगली