केअर ऑफ ९९ एपीओ

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

१६ डिसेंबर जवळ आला की तुमच्या पेपरात विजय दिवसाचे लेख येतात, ढाक्यातली शरणागती, ९३ हजार युद्धकैदी, जनरल अरोरा आणि नियाझी यांचा सही करतानाचा तो फोटो, सगळं येतं आणि यायलाच पाहिजे. पण तो फोटो निघावा म्हणून जी पोरं चिखलातनं चालत गेली त्यातले एक आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, होते आणि ते गेल्या महिन्यात गेले, म्हणून हे पत्र.

अण्णा पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते, म्हणजे जंगी पलटण. ७१ ला जमालपूरला, म्हणजे आताच्या बांगलादेशात, वय २३. तिथल्या पाकिस्तानी ३१ बलुच पलटणीला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून पत्र पाठवलं तर त्यांच्या कर्नलने उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, हे आता पुस्तकांतनं बऱ्याच जणांना माहितीये. अण्णा यातलं काही सांगायचे नाहीत. फार मागे लागलं की म्हणायचे, "१० तारखेची रात्र लई लांबली गं." बस्स. त्या रात्री वेढा फोडायला शत्रू मराठ्यांच्याच मोर्चावर चालून आला होता हे मला खूप उशिरा, वाचून कळलं.

आम्हाला माहीत होते ते बुटांना पॉलिश करणारे अण्णा. पेन्शनवर आले तेव्हा पस्तिशीतच होते, मग एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागले, नाइट ड्युटी असली तरी निघायच्या आधी आम्हा तिघा भावंडांचे शाळेचे बूट घेऊन बसायचे, आधी ब्रश, मग जुन्या बनियनचा तुकडा बोटाला गुंडाळून पाण्याचा एकेक थेंब टाकत गोल गोल घासायचे, आणि बुटात आपला चेहरा दिसला की मगच खाली ठेवायचे. माझी दहावी होईपर्यंत एक दिवस चुकला नाही. आई आजारी पडली त्या वर्षी माझ्या वेण्या पण तेच घालायचे, इतक्या घट्ट की डोकं दुखायचं पण संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही.

त्याआधी मी दुसरीत असताना त्यांची पोस्टिंग परत पूर्वेकडे होती. आई आंतरदेशीय पत्रावर नंबर, नाव, पलटण आणि शेवटी केअर ऑफ ९९ एपीओ, म्हणजे फौजेच्या पोस्ट ऑफिसचा नंबर, लिहायची, गावाचं नाव नाही, जिल्हा नाही. मला वाटायचं ९९ एपीओ हेच त्या गावाचं नाव. आता त्यांची काळी ट्रंक उघडली तर खाली 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही ७१ च्या लढाईची पदकं एका रुमालात बांधलेली, आणि वर, म्हणजे हाताला पहिली लागतील अशी, आमची पत्रं, तारखेप्रमाणे लावून सुतळीने बांधलेली. एकात मी लिहिलंय, "९९ एपीओमधल्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा." त्याच्याखाली अण्णांनी पेन्सिलीने लिहिलंय, "सांगितला."

ते बघितल्यापासून मला राहवत नाहीये. ७१ च्या लढाईत जे सगळ्यात लहान होते त्यांनीही आता सत्तरी ओलांडलीये, दर वर्षी त्यातले किती जात असतील, आणि ते जमालपूरला किंवा आणखी कुठे होते हे शेजारच्यालाही माहीत नसतं. माझी कळकळीची विनंती आहे की यंदा विजय दिवसाच्या अंकात एक पान या साध्या जवानांसाठी ठेवा. लढाईचं तर लिहूच, पण घरी परत आल्यावर ते बाप म्हणून कसे होते तेही त्यांच्या मुलांना लिहू द्या. जे अजून आहेत त्यांना स्वतः बोलू द्या, जमलं तर.

पहिलं पत्र मी देते. पेन्सिलीच्या अक्षराची झेरॉक्स सोबत जोडली आहे, फिकट आलीये, पण वाचता येते.

आपली,
एका फौजीची मुलगी