क्रीडामंत्री महोदय, आमच्याकडे जागेचा उतारा नाही, क्लब मात्र आहे

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरातल्या एका जुन्या हौशी फुटबॉल क्लबचा सचिव आहे. क्रीडांगणासाठी अनुदान मागायला गेलं की पहिला कागद मागतात तो जागेच्या उताऱ्याचा, नाहीतर दीर्घ मुदतीच्या भाडेकराराचा. आमच्याकडे दोन्ही नाहीत. ही अट आमच्यासारख्या क्लबांसाठी बदलावी, एवढ्याचसाठी हे पत्र.

आमच्याकडे जागा का नाही, ते सांगतो. सोलापुरात १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली, मागाहून नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू या गिरण्या. आमचा क्लब गिरण्यांच्या भोंग्यावर चालायचा. सामना ठरवायचा तर आधी कोण कुठल्या पाळीला आहे ते बघायचं. गोलकीपर रात्रपाळीला असला की सामना पुढे जायचा. तेव्हा मोकळी जागा गिरणीची असायची, रेल्वेची असायची, नगरपालिकेची असायची. सुटीच्या दिवशी खांब रोवले की खेळ सुरू. कागद कुणी मागितला नाही आणि कुणी करूनही ठेवला नाही. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आवारं गेली. खेळाडू यंत्रमागावर गेले, कुणी भिवंडीला गेले, कुणी पुण्याला. क्लब मात्र बंद पडला नाही.

आमच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्या घरी पत्र्याच्या पेटीत आहेत. मंत्रिमहोदय, त्या एकदा बघाव्यात अशी माझी मनापासून इच्छा आहे. ब्लॅडर, लेस, आखणीसाठी चुना, मध्यंतराची लिंबं, सायकलच्या दुकानात भरलेल्या हवेचे पैसे. जुना चामड्याचा बॉल काळ्या मातीत भिजला की दगडासारखा जड व्हायचा आणि हेडर मारताना लेसची गाठ कपाळावर उमटायची, हे जुन्या खेळाडूंच्या तोंडून ऐकलंय. वह्यांमध्ये सगळ्यात मोठी रक्कम नेहमी रेल्वेभाड्याची. कोल्हापूरला खेळायला जायचं म्हणजे कुर्डुवाडीला उतरून बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने मिरज गाठायचं, तिथून पुढची गाडी. त्या गाडीत रात्र काढून आलेली पोरं दुसऱ्या दिवशी दुपारी कोल्हापुरातल्या तालमींच्या फुटबॉल संघांपुढे उभी राहायची. बहुतेक वेळा हरून यायची. पण पुढच्या वर्षी परत भाड्याची नोंद आहेच.

भाड्याच्या याद्यांमधली नावं वाचली तर सगळं सोलापूर त्यात दिसतं. पूर्व भागातली तेलुगू घरं, कन्नड बोलणारी, मराठी, मुसलमान मोहल्ल्यातली. मैदानावर आजही एकच पास मागायला कुणी ‘रा रा’ ओरडतो, कुणी ‘बा बा’, कुणी ‘इधर दे’, आणि बॉल बरोबर जातो. शहरात इतकी माणसं रोज संध्याकाळी एकत्र घाम गाळतात अशा जागा मला तरी फार दिसत नाहीत.

पण ही जागा टिकत नाही. पावसाळ्यात काळी माती बुटाला धरते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पोरांचे घोटे मुरगळतात. खांब पक्के रोवू देत नाहीत, म्हणून रोज लोखंडी खांब हातगाडीवर आणायचे आणि अंधार पडला की परत न्यायचे. मध्येच कुठला तरी मेळावा किंवा प्रदर्शन येतं आणि आठवडाभर खेळ बंद. मांडव गेला की आम्ही आधी खिळे वेचतो, मग पोरांना अनवाणी पळू देतो. होम मैदानावर गड्डा भरतो त्याबद्दल माझी तक्रार नाही, सिद्धेश्वरांची यात्रा आमची सगळ्यांचीच आहे. पार्क मैदानावर जानेवारी २०२४ मध्ये रणजी सामना झाला, त्याचाही आनंद आहे. तशीच एक जागा फुटबॉललाही मिळावी. तासाच्या भाड्यावर मिळणारी टर्फ यंत्रमाग कामगाराच्या पोराला परवडत नाही.

शासनाला फुटबॉलचं प्रेम नाही असं मी म्हणणार नाही. १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला त्या वर्षी, १५ सप्टेंबर २०१७ ला, राज्यभर दहा लाख मुलांनी खेळावं म्हणून मोहीम निघाली, शाळाशाळांत बॉल वाटले गेले. चांगलं काम होतं. पण बॉल एका हंगामात झिजतो. त्यानंतर मुलगा कुठे जातो? आमच्यासारख्या क्लबाकडेच येतो. आता मुलीही येतात, आणि त्यांना कपडे बदलायला आडोसा नाही म्हणून त्या घरूनच किट घालून, वर ओढणी घेऊन सायकलवर येतात.

तेव्हा मागणी अशी. महापालिका हद्दीत १०५ बाय ६८ मीटरचं एक मैदान फुटबॉलसाठी ठेवावं, काळ्या मातीवर मुरूम आणि लाल मातीचा थर, पक्के खांब, पाणी, मुलींसाठी एक खोली. ते कुठल्या एका क्लबाच्या नावावर नको. शहरातले सगळे नोंदणीकृत क्लब वेळा वाटून घेतील, देखभाल आम्ही करू. आणि ज्या क्लबाकडे जागा नाही पण वर्षानुवर्षांचे हिशेब आहेत, त्याला ते हिशेब पुरावा म्हणून अनुदानाच्या अर्जाला जोडता यावेत.

शालेय फुटबॉल स्पर्धा पावसाळ्यात येतात. निर्णय त्याआधी झाला तर याच वर्षीच्या पोरांना उपयोग होईल. आपण किंवा आपले अधिकारी सोलापूरला आलात तर कुठल्याही दिवशी संध्याकाळी साडेपाचनंतर आम्ही मैदानावर असतो. वह्या मी घेऊन येईन.

कळावे,
आपला विश्वासू,
एका हौशी फुटबॉल क्लबचा सचिव, सोलापूर