नात्यांच्या शब्दांत इंग्रजी मुळात दरिद्री नव्हती

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजीतल्या, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतल्या, हरवलेल्या शब्दांवर आलेला लेख मी दोनदा वाचला. ‘उख्तचेआरु’ हा शब्द त्यात पाहून फार बरं वाटलं. ‘उख्त’ म्हणजे उजाडण्याआधीचा रात्रीचा शेवटचा प्रहर आणि ‘चेआरु’ म्हणजे काळजी. नवऱ्यापासून ताटातूट झालेल्या एका बाईच्या तोंडची त्रेपन्न ओळींची कविता इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या कॅथेड्रलमधल्या जुन्या हस्तलिखितात आहे, तिथला हा शब्द. पहाटे जाग यावी, अंथरुणात पडल्या पडल्या घरातल्या माणसांची चिंता सुरू व्हावी, हे ज्याने अनुभवलं आहे त्याला या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पण लेखासोबतच्या चौकटीत एक वाक्य आहे: काका, मामा, आत्या, मावशी यांना इंग्रजीत वेगवेगळे शब्द कधीच नव्हते, नात्यांच्या बाबतीत ती भाषा मुळातच दरिद्री. हे खरं नाही. पत्र त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे.

लेखकाला मी दोष देत नाही, कारण हेच वाक्य मी ३१ वर्षं वर्गात सांगत आले. आठवीच्या एका मुलीने एकदा निबंधाची वही पुढे केली आणि विचारलं, “बाई, माझी मावशी पण आंट आणि आत्या पण आंट, मग वाचणाऱ्याला कळणार कसं?” मी म्हटलं, इंग्रजांकडे नाती तेवढी जपत नाहीत, म्हणून शब्दही नाहीत. ती गप्प बसली. निवृत्त झाल्यावर जुन्या इंग्रजीचा कोश घेऊन बसले, तेव्हा आपण त्या मुलीला काय सांगून बसलो हे कळलं. चारही शब्द तिथे होते. काका म्हणजे ‘फॅडेरा’, मामा म्हणजे ‘एआम’, आत्या म्हणजे ‘फाथू’ आणि मावशी म्हणजे ‘मोड्रिये’. (उच्चार देवनागरीत बसतात तेवढे बसवले आहेत.) साधारण १००० सालच्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या पाद्र्याने मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी व्याकरण आणि शब्दसूची तयार केली. लॅटिनमध्येही ही नाती वेगवेगळ्या शब्दांची, त्यामुळे त्याच्या विद्यार्थ्यांना ती समजायला काहीच अडचण आली नसणार.

सासरच्या नात्यांचे शब्द पाहिले आणि मी कोश मिटून थोडा वेळ तशीच बसून राहिले. जुन्या इंग्रजीत सासऱ्याला ‘स्वेओर’ म्हणत, सासूला ‘स्वेयेर’. संस्कृतातले श्वशुर आणि श्वश्रू, आपले सासरा आणि सासू. सुनेला ‘स्नोरू’; संस्कृतात स्नुषा, आणि त्याच स्नुषेची झिजत झिजत झालेली आपली सून. दिराला ‘टाकोर’. कानाला हा शब्द अगदी परका वाटतो, पण ध्वनी कसे बदलत गेले त्याचे नियम लावले की तो देवृ आणि दीर यांच्याच कुळातला निघतो. ‘नेवा’ म्हणजे नातू किंवा भाचा. आपला नप्तृ, आपला नातू. आणि ‘फॅडेरा’ तर थेट पितृव्याचा भाऊ. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून आल्या असाव्यात असं सांगितलं, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्याचा अर्थ माझ्या स्वतःच्या सासू-सुनेपर्यंत येऊन पोचतो हे साठी उलटल्यावर समजलं.

हे शब्द नुसते कोशात पडून नव्हते. ‘बेओवुल्फ’ हे जुन्या इंग्रजीतलं सर्वांत मोठं काव्य ३१८२ ओळींचं. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली आहे. १७३१च्या आगीत तिच्या कडा होरपळल्या आणि आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातला नायक सात वर्षांचा असल्यापासून आईच्या वडिलांकडे, म्हणजे आजोळी वाढतो. पुढे तो ज्याच्यासाठी लढतो तो राजा ह्युगेलाक त्याचा सख्खा मामा. जर्मन टोळ्यांमध्ये (इंग्रजांचे पूर्वज यांतलेच) बहिणीच्या मुलाला मामाकडे वडिलांइतकाच मान असतो, असं रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन ९८ च्या सुमारास नोंदवून ठेवलं होतं. आजच्या इंग्रजीत ह्युगेलाकला ‘अंकल’ म्हटलं की वाचकाला तो काका की मामा हे कळत नाही आणि नायकाची त्याच्यावरची निष्ठा कुठून आली हेही कळत नाही. आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र करते ती आत्या आणि लग्नात नवरीला बोहल्यावर आणतो तो मामा. तिथे काका उभा राहिला तर मांडवातली म्हातारी माणसं विचारतात, मामा कुठे आहे?

याच काव्यात एक जोडशब्द आहे, ‘सुख्तर-येफॅडेरन’. काका आणि पुतण्या मिळून एकच शब्द, अगदी आपल्या काका-पुतण्यासारखा. राजा ह्रोथगार आणि त्याचा पुतण्या ह्रोथुल्फ मेजवानीत शेजारी बसले आहेत आणि कवी म्हणतो, त्यांच्यातला सलोखा अजून टिकून होता. या ‘अजून’मध्ये पुढचं सगळं येतं. पुतण्या हा गादीचा वाटेकरी असतो, भाचा नसतो. हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हाची “काका, मला वाचवा” ही हाक आजही लोकांच्या तोंडी आहे. त्या हाकेतला ‘काका’ काढून ‘अंकल’ घाला, भीती उरते, पण गादीचं भांडण निघून जातं. ‘बेओवुल्फ’मध्येच जावई आणि सासरा यांचाही एक जोडशब्द येतो, आणि तोही वैराच्याच संदर्भात. लग्नं लावून दोन टोळ्यांमधली भांडणं मिटवायची त्या लोकांची रीत होती. अशा रीतीने परक्या घरात दिलेल्या मुलीला ते ‘शांतता विणणारी’ म्हणत. इतकं बारीक पाहणाऱ्या भाषेला दरिद्री कसं म्हणायचं?

मग हे शब्द गेले कुठे? १०६६ साली उत्तर फ्रान्समधून नॉर्मन इंग्लंडवर चालून आले आणि दरबार, कोर्टकचेरी, मोठ्या घरांचे व्यवहार फ्रेंचमध्ये होऊ लागले. साधारण १३०० पर्यंत ‘अंकल’ आणि ‘आंट’ इंग्रजीत रुळले. गंमत अशी की मुळात लॅटिनमध्ये हे दोन्ही शब्द नेमक्या नात्यांचे होते. ‘अंकल’ ज्यापासून आला तो शब्द फक्त मामासाठी होता, त्याचा शब्दशः अर्थ ‘छोटा आजोबा’. ‘आंट’चं मूळ फक्त आत्या. फ्रेंचमध्ये मामाने काकाला गिळलं आणि आत्याने मावशीला, आणि इंग्रजीने ते तसंच्या तसं उचललं. ‘एआम’ लगेच मेला नाही. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरच्या काव्यात तो ‘एम’ होऊन भेटतो आणि उत्तरेकडच्या बोलींत त्यानंतरही बराच काळ टिकला. सासरच्या नात्यांचं तर वेगळंच झालं. ‘मदर-इन-लॉ’, ‘ब्रदर-इन-लॉ’ यांतला ‘लॉ’ म्हणजे चर्चचा कायदा: लग्नामुळे नातं जडल्याने ज्यांच्याशी पुन्हा लग्न करायला बंदी, ती माणसं. सासू, सून, दीर ही नाती एकेका शब्दात सांगता येत होती, तिथे कायद्याची पुरवणी जोडलेले शब्द आले.

सगळा दोष नॉर्मनांवर घालणंही बरोबर नाही. जर्मनीवर नॉर्मनांचं राज्य कधीच नव्हतं, तरी जर्मनमध्येही मामाचा ‘ओहाइम’ मागे पडला आणि ‘ओंकल’, ‘टांटे’ आले. फ्रेंच बोलणं मोठेपणाचं वाटू लागलं होतं, तेवढं पुरलं. उलट स्वीडनमध्ये आजही चारही नाती वेगळी बोलली जातात. मावशीला तिथे ‘मोस्टेर’ म्हणतात, म्हणजे आई आणि बहीण हे दोन शब्द जोडून घट्ट झालेला एक. आपली मावशीही मातृष्वसा, आईची बहीण, हेच दोन शब्द जोडून झालेली. एकाच मुळातले दोन शब्द, एकाच तऱ्हेने जोडलेले, आणि दोन्ही भाषांत रोज घरात हाक मारायला वापरात. मला याचं जितकं अप्रूप वाटतं तितकं क्वचितच कशाचं वाटलं असेल.

आता आपल्या वृत्तपत्राकडे येते. परदेशातल्या बातमीत ‘अंकल’ आला की त्याचा सरसकट ‘काका’ होतो आणि ‘ब्रदर-इन-लॉ’चा ‘मेहुणा’. तो दीर असेल, साडू असेल, नंदावा म्हणजे नणंदेचा नवरा असेल. वृत्तसंस्थेच्या मजकुरात ते कळत नाही हे मी समजू शकते. तिथे ‘नातेवाईक’ लिहावं, चुकीचं नातं लिहू नये. पण आपल्याच जिल्ह्यातल्या बातमीत “अपघातात मुलगा व त्याचे अंकल जखमी” असं छापून येतं, तेव्हा वार्ताहराने एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता. त्या घरातल्या कुणीही एका शब्दात सांगितलं असतं. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या जाहिरातींमध्ये तर ‘अंकल-आंटी’च फार दिसतात. ती जाहिरात घेणाऱ्याने नुसतं विचारलं, “मामा-मामी लिहू की काका-काकू?”, तर दहांतले नऊ जण आनंदाने नीट सांगतील, असा माझा विश्वास आहे.

आणखी एक विनंती. नंदावा हा शब्द माझ्या नातवंडांनी ऐकलेला नाही. कोकणात, खानदेशात, विदर्भात, गोव्यात आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरांत नात्यांसाठी वापरले जाणारे शब्द पुरवणीत मागवून छापावेत. ते बोलणारी माणसं अजून आहेत, तोवर विचारून घ्यावेत. आठवीच्या त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही. हे पत्र छापलं गेलं तर कदाचित तिच्या हाती पडेल. तिला सांगायचं आहे की तिचा प्रश्न बरोबर होता, आणि ‘मोड्रिये’ हे त्याचं उत्तर होतं.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, कराड

ता. क. त्याच चौकटीत ‘स्टेपमदर’मधला ‘स्टेप’ म्हणजे पायरी असं दिलं आहे, तेही दुरुस्त करावं. जुन्या इंग्रजीत ‘स्टेओप’ हा जोड पोरकेपण दाखवायचा आणि ‘स्टेओपचिल्ड’ म्हणजे पोरकं मूल. नाव आधी त्या मुलाला मिळालं, आई त्यानंतर आली. आपल्या ‘सावत्र’मध्ये सवत आहे, त्यांच्या शब्दात ते पोरकं मूल आहे.