उलट्या एबीसीडीची गावं

सास्काटून, कॅनडा
ऑक्टोबरचा दुसरा आठवडा

ति. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "तिकडे खेडी असतात का गं, की नुसती शहरंच?" मी भाजी चिरत होते, "असतात ना" म्हणून विषय संपवला. सोमवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. कामावरून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत, सत्तरी ओलांडलेल्या. त्या म्हणाल्या, चल, माझं गाव दाखवते. म्हणून आता सावकाश लिहिते. आईला फोनवर लांबलचक वाचवत नाही, म्हणून कागदावर.

सास्काटूनहून आग्नेयेला निघालो की रुळांच्या कडेने गावं लागतात: क्लॅव्हेट, ब्रॅडवेल, अ‍ॅलन, झेल्मा, यंग, झीना, वॉट्रस, व्हेन. बाईंनी विचारलं, काही लक्षात आलं का? माझ्या नाही आलं. उलटी एबीसीडी होती ती! सी, बी, ए, मग झेड, वाय, एक्स (झीना इथे एक्सने लिहितात), डब्ल्यू, व्ही. पलीकडच्या टोकाला एफचं फेनवुड, जीचं गुडीव्ह, एचचं हबर्ड. 1907-08 च्या सुमारास ग्रँड ट्रंक पॅसिफिक नावाच्या कंपनीने इथे लोहमार्ग घातला, तेव्हा माळावर गावच नव्हतं, मग नाव कुठून येणार? कंपनीने आधी नावं ठेवली आणि मग गावं वसली. बाळाच्या आधी बारसं. मध्ये पनिची लागतं, ते नाव तेवढं इथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं. माळ रिकामा नव्हताच म्हणा. क्री आणि सोल्टो या मूळच्या लोकांशी 1874 मध्ये सरकारने करार करून तो 'रिकामा' करून घेतला होता.

या कंपनीचा अध्यक्ष चार्ल्स हेज 1912 मध्ये टायटॅनिकवर बुडाला आणि 1919 मध्ये कंपनीही बुडाली. सरकारने मार्ग ताब्यात घेतला. आज तो कॅनेडियन नॅशनलकडे आहे.

स्टेशनं सात ते दहा मैलांवर का, ते बाबांना लगेच कळेल. घोडागाडीत गहू भरून सकाळी निघालेला कास्तकार दिवे लागायच्या आत घरी परतला पाहिजे, एवढाच हिशोब. जमीन 160 एकरांच्या तुकड्यांत आखलेली. तुकड्याला 'क्वार्टर' म्हणतात. अजूनही कोणी एकरात बोलत नाही, "आमचे चार क्वार्टर होते" असं सांगतात. दहा डॉलर फी भरायची, घर बांधायचं, तीन वर्षं राहून पडीक जमीन नांगराखाली आणायची, की क्वार्टर तुमच्या नावावर. आपल्याकडे दहा गुंठ्यांसाठी भावाभावांत कोर्ट चालतं, म्हणून मी बाईंना दोनदा विचारलं, खरंच दहा डॉलर? खरंच. पण उणे चाळीसच्या थंडीत गवताच्या ढेकळांच्या घरात तीन हिवाळे काढायचे, हे त्या दहा डॉलरमध्ये धरलेलं नव्हतं.

प्रत्येक स्टेशनाशी लाकडी एलेव्हेटर असायचा. मागच्या वर्षी मी फोटो पाठवला होता, आई म्हणाली होती, एवढं मोठं देऊळ कोणाचं? देऊळ नाही गं, धान्याचं कोठार. फळ्या आडव्या एकावर एक रचून लांब खिळ्यांनी ठोकलेल्या, म्हणजे गव्हाच्या भाराने भिंत फुगत नाही. गाडी आत वजनकाट्यावर घ्यायची, धान्य खालच्या खड्ड्यात ओतायचं आणि पट्ट्याला लावलेल्या वाट्या ते सात-आठ मजले वर नेऊन खणाखणांत सोडणार. पुढे रेल्वेचा डबा खाली लागला की नळीतून आपसूक भरणार. 1933 मध्ये या सगळ्या माळावर असे साडेपाच हजारांहून जास्त होते. आता बरेचसे पाडले, काही जळाले.

पडझड एकदम झाली नाही. 1932 मध्ये बुशेलभर, म्हणजे सत्तावीस किलो गव्हाला पस्तीस सेंट मिळत होते. 1937 मध्ये भाव थोडा सुधारला तर पीकच नाही, एकरी तीन बुशेलसुद्धा नाही. नुसती धूळ. माणसं निघून गेली. जी राहिली त्यांनी पुढे ट्रॅक्टर घेतला, शेजाऱ्याचा क्वार्टर घेतला, मग त्याच्या शेजाऱ्याचा. 1936 मध्ये या प्रांतात 1 लाख 42 हजार शेतं होती, आता 34 हजारांच्या आसपास आहेत आणि सरासरी शेत 1,700 एकरांच्या वर गेलंय. वावर तेवढंच, माणसं कमी. पोरं नाहीत म्हणून शाळा गेली. शाळा नाही म्हणून उरलेली पोरंवाली घरं गेली. 1995 मध्ये गव्हाच्या वाहतुकीची सरकारी सवलत संपली आणि छोट्या एलेव्हेटरांना कोणी वाली उरला नाही. आता गहू मोठ्या ट्रकांतून दूरच्या सिमेंटच्या कोठारांत जातो.

मला चटका लावला तो दुसऱ्याच गोष्टीने. आपल्या शकुंतला रेल्वेचे रूळ गवतात गेले, गाडीच बंद पडली, म्हणून दारव्ह्याच्या स्टेशनात शुकशुकाट. इथे तसं नाही. गाडी आहे! हा मुख्य मार्ग आहे. आम्ही झीनापाशी उभ्या होतो तेव्हाच एक मालगाडी आली, दोन-तीन किलोमीटर लांब. ज्या गाडीसाठी गाव वसवलं तीच धडधडत निघून गेली, वेगही कमी केला नाही. मी मोजायला लागले आणि ऐंशी डब्यांनंतर नाद सोडला. बाई मोजत नव्हत्या, डबा उघडून सँडविच खात होत्या.

मग त्यांनी शेताच्या वाटेने नेलं. घर कुठंय विचारलं तर हसल्या. जिथे घर होतं तिथे कॅरागानाची लांब रांग उभी होती. वाऱ्याला आडोसा म्हणून सरकारी रोपवाटिकेतून फुकट मिळायची ही झुडपं. त्यांच्या आत एक लायलॅकचं फुलझाड आणि वाळलेला रूबार्ब, म्हणजे आंबट देठांची भाजी. घर पाडून जमीन नांगरलेली, पण बाईंनी पायानेच दाखवलं, इथे चूल, इथे दार, इथे आईची खाट. सगळ्या माळावर अशीच खूण असते म्हणे. सपाट रानात चौकोनी झाडी दिसली की समजायचं, इथे कोणीतरी राहत होतं. मला आपल्या अंगणातला कडुनिंब आठवला, आणि मग बाईंशी धड बोलताच येईना.

जमीन विकल्याचं दुःख होतं का, असं मी परतताना विचारलं. म्हणाल्या, जमिनीचं नाही, विकायची घाई मीच केली होती, वडील जिवंत असताना, त्याचं.

बाबा, गणपतीत मी तुमच्यामागे लागले होते ना, सहा एकर विका आणि अमरावतीला फ्लॅट घ्या, दवाखाना जवळ पडेल म्हणून? दवाखान्याचं मी अजूनही म्हणते, आईच्या गुडघ्याकडे बघून म्हणते. पण वावराचं बोलणं मी मागे घेते. तुम्हाला सुचेल तेव्हा, सुचेल तसं करा. दादाशीही मी बोलेन.

आणि एक काम. लहानपणी तुम्ही मुर्तिजापूरपासून यवतमाळपर्यंतची सगळी स्टेशनं एका दमात म्हणून दाखवायचात, आई हसून म्हणायची, आता गाडी लेट झाली. मला फक्त कारंजा, दारव्हा आणि लाडखेड आठवतात. बाकीची क्रमाने लिहून पाठवा.

तुमची,
बेबी