दत्तास, बर्लिनच्या भांडणाबद्दल

रविवार, सकाळ

प्रिय दत्ता,

फोन केला असता तर तू दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणाला असतास, आणि व्हॉट्सॲपवर एवढं टाइप करायला माझा अंगठा राजी नाही. म्हणून कागद. दिवाळीपासून गप्प बसलो त्याबद्दलच्या शिव्या भेटल्यावर घाल, आत्ता वाच. तब्येत बरी. साखर आहे तिथेच आहे, गुडघा जिन्यावर कुरकुरतो. संपलं.

झालंय असं, की नानाने मला व्याख्यानमालेत घातलंय. पाचव्या दिवसाचा वक्ता गळाला आणि "तुझा इतिहास होता ना रे" एवढ्या भांडवलावर माझं नाव पुढे आलं. मी म्हटलं, विषय मी ठरवणार. महायुद्ध जिंकलेले चौघे, रशिया, अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स, हरलेल्या जर्मनीत एकत्र कारभार करायला बसले आणि तीन वर्षांत एकमेकांचं तोंड बघेनासे झाले, ते कसं, एवढंच सांगेन. नाना "वा, वा" म्हणाला आणि पत्रिका छापून मोकळा झाला. त्यावर विषय आहे: "जर्मनीची फाळणी: खरा गुन्हेगार कोण?" आणि खाली माझा फोटो. पत्रिका लांबून बघणाऱ्याला उत्तर तिथेच मिळतं.

ही पंचाईत तुझ्याशिवाय कोणाला सांगू? हॉस्टेलवर तुझ्या वह्यांना त्या रशियन मासिकाच्या गुळगुळीत पानांची कव्हरं, माझ्या वह्यांना अमेरिकन. तू म्हणायचास, सगळं ट्रूमनने बिघडवलं. मी म्हणायचो, स्टालिनने. वश्या म्हणायचा, दिवा घालवा. आता त्याच प्रश्नावर मला शे-दीडशे लोकांसमोर उभं राहायचंय, आणि जितकं वाचतोय तितकी गुन्हेगार उभा करायची हिंमत कमी होतेय. रात्री दोनला जाग येते आणि डोक्यात जर्मनीतल्या रूर खोऱ्याचा कोळसा. हिला वाटतं मी बीपीची गोळी चुकवली.

तुला ठाऊक असलेल्या गोष्टी भराभर सांगतो. २५ एप्रिल १९४५, जर्मनीतल्या एल्बे नदीच्या काठी टोरगाव, रशियन आणि अमेरिकन सैनिकांची गळाभेट. जुलैमध्ये पॉट्सडॅमची बैठक, आणि ती चालू असतानाच चर्चिल निवडणूक हरून ॲटली खुर्चीत. जर्मनीचे चार भाग, बर्लिनचेही चार, आणि बर्लिन रशियन भागाच्या पोटात. वर एक नियंत्रण परिषद, चार सेनापतींची. ती बसायची बर्लिनच्या क्लाइस्ट पार्कमधल्या कोर्टाच्या इमारतीत. तिथल्याच मोठ्या दालनात आदल्या ऑगस्टमध्ये नाझी न्यायाधीश फ्राइस्लरने हिटलरजवळ बॉम्ब ठेवणाऱ्यांचे खटले चालवले होते. जागा कोणी निवडली देव जाणे.

आता खरी मेख. परिषदेचा नियम असा, की सबंध जर्मनीबद्दलचा निर्णय चौघांच्या एकमताने. एकमत झालं नाही तर? तर प्रत्येक सेनापती आपापल्या भागात मुखत्यार. म्हणजे अडून बसणाऱ्याचं काहीच जात नाही. कंत्राटदाराला हाकलल्यावर आपल्या मेस कमिटीचं काय झालं ते आठव. कोठीला चार कुलपं, चौघांकडे चार किल्ल्या, आणि महिनाअखेर चौघांच्या खोल्यांत चार स्टोव्ह. तू तर तूप लपवलं होतंस. नाही म्हणू नकोस, वश्याने डबा पाहिला होता.

आणि पॉट्सडॅमचा करारनामा वाच एकदा. एका ठिकाणी लिहिलंय, जर्मनी हा आर्थिकदृष्ट्या एकच देश मानावा. त्याच कागदावर दुसरीकडे, ज्याने त्याने नुकसानभरपाई आपापल्या भागातून वसूल करावी. वर रशियाला पश्चिमेकडच्या फाजील कारखान्यांतली १० टक्के यंत्रं फुकट, आणि आणखी १५ टक्के धान्य, कोळसा वगैरेंच्या बदल्यात. तिघांनी सह्या केल्या आणि घरी गेले. दोन कलमांचा मेळ घालायचं काम बर्लिनमधल्या सेनापतींच्या गळ्यात.

सगळ्यात आधी खोडा कोणी घातला सांग? फ्रान्सने! पॉट्सडॅमला त्यांना बोलावणंच नव्हतं, पण परिषदेत खुर्ची मिळाली. रेल्वे, टपाल, अर्थ असल्या खात्यांसाठी सबंध जर्मनीची मिळून मध्यवर्ती कार्यालयं काढायची असं ठरलेलं. १९४५ च्या शरदात फ्रेंचांनी ते रोखून धरलं. आधी रूर आणि ऱ्हाइनलँड हे पश्चिमेकडचे मुलूख जर्मनीपासून तोडा, मग बोलू. सत्तर वर्षांत तीनदा जर्मन सैन्य अंगावर आलेल्या देशाने असं म्हणावं यात मला तरी नवल वाटत नाही. पण त्या वर्षी अमेरिकन जनरल क्लेचा जास्त संताप फ्रेंचांवर होता, रशियनांवर नव्हे. हॉस्टेलवर आपण एवढे घसे फोडले, त्यात एकदाही फ्रान्सचं नाव निघालं होतं का?

मग पोटाचा प्रश्न. खाणी आणि कारखाने रूरमध्ये, म्हणजे ब्रिटिशांच्या वाट्याला. धान्याचा पूर्वेकडचा मोठा मुलूख रशियनांकडे, त्यातलाही ओडर-नाइसे नद्यांपलीकडचा पोलंडला दिलेला. तिकडून धान्य येईना. १९४६ च्या मार्चमध्ये ब्रिटिश भागातलं रेशन माणशी दिवसाला हजार कॅलरींच्या आसपास आलं. ब्रिटन स्वतः कर्जात, तरी जर्मनांना पोसायला डॉलर मोजून गहू आणतोय. त्याच जुलैत खुद्द इंग्लंडमध्ये पावावर रेशन लागलं. युद्धाच्या सहा वर्षांत जे लागलं नव्हतं ते जिंकल्यावर लागलं! लंडनच्या रांगेत उभ्या बाईला हे कोणत्या तोंडाने समजावायचं?

क्लेचा हिशेब सरळ होता. आपण एका बाजूने गहू ओततोय, दुसऱ्या बाजूने यंत्रं पूर्वेला चाललीत, म्हणजे रशियाची भरपाई अमेरिकन करदाता देतोय. मे १९४६ मध्ये त्याने यंत्रं पाठवणं थांबवलं.

इथे तू टेबलावर मूठ आपटणार, ठाऊक आहे. आपट. रशियाची २ कोटी ७० लाख माणसं गेली, गावंच्या गावं जळाली. त्यांनी याल्टाच्या बैठकीत १००० कोटी डॉलर मागितले ते हावरटपणाने नव्हे. त्यांच्या भागातले कारखाने उखडून वॅगनी भरून नेले, रेल्वेचे दुसरे रूळसुद्धा उचलले. त्यातलं बरंचसं वाटेत गंजलं. मला विचारशील तर मागणी न्याय्य होती, वसुलीची तऱ्हा गचाळ.

पण दत्तोबा, एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी आपल्या भागातला सोशल डेमोक्रॅट पक्ष दमदाटीने कम्युनिस्टांत विलीन करून घेतला, आणि ऑक्टोबरात सबंध बर्लिनची निवडणूक झाली तेव्हा त्या जोडपक्षाला २० टक्केसुद्धा मतं पडली नाहीत. विलीन व्हायला नकार देणाऱ्यांना जवळजवळ ४९. हे तुझ्या वहीच्या कव्हरावर कधी आलं नाही.

आता नोटांचं ऐक. भाषणाचा निम्मा वेळ मी यालाच देणार आहे, नाना काही म्हणो. १९४४ मध्ये, दोस्ती घट्ट असताना, अमेरिकेने रशियाला व्यापलेल्या जर्मनीत चालवायच्या मार्कांच्या छपाईच्या प्लेटा देऊन टाकल्या. किती छापल्या याचा हिशेब मॉस्कोने कधी दिला नाही. फरक एवढाच, की रशियन नोटेवर क्रमांकाच्या आधी एक बारीक आडवी रेघ असायची. रशियन शिपायांचा किती तरी महिन्यांचा पगार थकलेला, तो या नोटांत एकदम हातात पडला आणि घरी नेऊन उपयोग शून्य. मग बर्लिनमध्ये मनगटी घड्याळांना सोन्याचा भाव. अमेरिकन शिपाई घड्याळ विकायचा, सिगारेटी विकायचा आणि तेच मार्क आपल्या पोस्टात देऊन दहाला एक डॉलर या दराने घरी पाठवायचा. पगाराहून कितीतरी जास्त डॉलर घरी जायला लागले तेव्हा वॉशिंग्टनचे डोळे उघडले.

हा चटका पुढे नडला. जुना मार्क कचरा झालेला, खरं चलन म्हणजे सिगारेट, नवा मार्क हवा यावर चौघांचंही एकमत. रशिया म्हणे, नोटा बर्लिनबरोबर आमच्या लाइपत्सिगलाही छापू. अमेरिका म्हणे, प्लेटा पुन्हा देणार नाही. या एका मुद्द्यावर किती बैठका गेल्या असतील! आणि आता तुझ्या आवडीचं. बोलणी चालू असतानाच, १९४७ च्या शेवटापासून, नव्या नोटा अमेरिकेत गुपचूप छापल्या गेल्या आणि पेट्यांतून ब्रेमरहाफेन बंदरात आल्या. सुमारे २३ हजार पेट्या. पुढे रशिया फक्त बर्लिनच्या छपाईला राजी होण्याच्या बेतात आला, तोवर अमेरिकेचाच एका चलनातला रस संपलेला. ताट वाढलंय म्हणायचं आणि स्वतः आधीच जेवून हात धुवायचे, हा प्रकार. तुला वाटेल मी शरण आलो. नाही. थांब.

२० मार्च १९४८. परिषदेचं अध्यक्षपद त्या महिन्यात रशियन सेनापती सोकोलोव्स्कीकडे. लंडनच्या बैठकीत तुम्ही आमच्यामागे पश्चिम जर्मनीचं काय ठरवताय ते सांगा, असं त्याने विचारलं, कागद वाचून दाखवला आणि सभा संपली म्हणत आपली माणसं घेऊन निघून गेला. पुढची तारीख कोणी दिलीच नाही. २० जूनला पश्चिमेच्या तिन्ही भागांत नवा मार्क आला, पहिल्या हप्त्यात माणशी ४०. साठवलेली पुंजी बुडाली, पण दुकानांच्या काचेमागे रातोरात माल दिसायला लागला. रशियाकडे तयार नोटा नव्हत्या, म्हणून जुन्याच नोटांवर तिकिटं चिकटवून चालवल्या. कोणता मार्क बर्लिनमध्ये चालणार यावरून ठिणगी, आणि २४ जूनला पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे बंद.

रस्ते का बंद करता आले, माहितेय? कारण त्यांचा कागद नव्हता. जून १९४५ मध्ये क्ले आणि रशियन सेनापती झुकॉव्ह यांचं बोलणं झालं ते तोंडी. एकच रस्ता लेखी घेतला तर बाकीच्यांवरचा हक्क सुटेल, असा क्लेचा विचार. हवेतल्या तीन वाटा मात्र, प्रत्येकी ३२ किलोमीटर रुंद, ३० नोव्हेंबर १९४५ ला परिषदेने रीतसर लिहून दिलेल्या. त्या कागदाच्या जोरावर विमानांनी माल आणला आणि वीस लाखांहून जास्त माणसं जगली. ११ महिन्यांत रस्ते खुले झाले, विमानं सप्टेंबर १९४९ पर्यंत उडत राहिली: २ लाख ७७ हजारांवर फेऱ्या, सुमारे २३ लाख टन माल, त्यात दोनतृतीयांश नुसता कोळसा.

आसामातून हिमालयावरून चीनला माल नेणारी विमानं ज्याने हाकली, तोच अमेरिकन जनरल टनर इथे होता. १३ ऑगस्टच्या ढगाळ शुक्रवारी बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळावर एक विमान धावपट्टीपलीकडे जाऊन पेटलं, दुसऱ्याचे टायर फुटले, वर विमानांची चळत घिरट्या घालतेय आणि त्यात टनर स्वतः अडकलेला. त्याने सगळ्यांना माघारी पाठवलं. तेव्हापासून नियम, की पहिल्या फेरीत उतरता आलं नाही तर मालासकट परत जायचं. दुसरा प्रयत्न नाही. असल्या गोष्टी मी तासभर सांगेन. टाळ्याही मिळतील, आणि तीच भीती आहे. टाळ्या पडल्या की लोक समजणार, गुन्हेगार सापडला.

कारण नाकेबंदी करणं वाईटच, त्यात मला शंका नाही. उपाशी शहराचा गळा आवळणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, तू कितीही मुठी आपट. पण भांडण तिथे सुरू झालं नव्हतं. ते सुरू झालं परिषदेच्या टेबलावर, कोळशाच्या आणि गव्हाच्या तक्त्यांवर, आणि तिथे चौघेही आपापल्या जागी शहाण्यासारखे बोलत होते. हे पन्नास मिनिटांत कसं सांगायचं? पहिल्या रांगेत ते निवृत्त मामलेदार बसणार आणि शेवटी उठून विचारणार, "ते ठीक, पण चूक कोणाची?"

आणि हे तर भाषणात बसतच नाही, तुलाच सांगतो. सोकोलोव्स्की निघून गेला त्याच क्लाइस्ट पार्कच्या इमारतीत हवाई वाहतुकीचं चौघांचं कार्यालय होतं. ते बंद झालं नाही. खाली रस्ते अडवलेले, वर विमानांची रांग, आणि रशियन अधिकारी रोज येऊन अमेरिकनांशेजारी बसतोय, कोणतं विमान केव्हा येतंय त्याची नोंद ठेवतोय. १९९० पर्यंत! बर्लिनमधल्या श्पांडाउच्या तुरुंगाचंही तेच. सात नाझी कैदी, पहारा चौघांचा, महिन्याची पाळी. १९६६ पासून एकटा हेस उरला. भिंत उभी राहिली, क्यूबा झालं, व्हिएतनाम झालं, पण एका म्हाताऱ्यासाठी चार देशांच्या पाळ्या १९८७ पर्यंत चुकल्या नाहीत. मला हसू येतं, आणि हिला सांगितलं तर ती म्हणते, झोपा.

बाकी तुझं कसं चाललंय? मोतीबिंदू एका डोळ्याचा झाला की दोन्ही? मुक्ताला नोकरी लागल्याचं वश्याकडून कळलं, तू सांगितलं नाहीस, नोंद केली आहे. वहिनींना नमस्कार. बडोद्याचा चिवडा संपला.

काम असं: नाना माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. त्याला फोन करून निदान फळ्यावर तरी विषय बदलायला लाव. आणि तू ये. आदल्या दिवशी ये, म्हणजे रात्री तुझ्यासमोर सगळं एकदा म्हणून बघता येईल. सभेत मात्र मागे बस आणि प्रश्न विचारू नकोस.

तुझा,
सुध्या

ता. क. तूप तूच लपवलं होतंस.